मुका डायनॅमो

बॉनेट उघडायच्या आधी शेडगेमामा त्यावर कान ठेवत. इंजिन चालू असे. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, उजवा कान पत्र्याला टेकवायचा आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला कोणी बोललं तर डोळे न उघडताच हात वर करून त्याला गप्प करायचे. मग सरळ उभे राहून टोपी परत चढवायची आणि निकाल सांगायचा, "दोन नंबरचा प्लग पेटत न्हाई." प्लग काढून बघावा तर खरंच काजळलेला असे.

मुळशी धरणाच्या वाटेवर, पौडच्या पुढे एका धर्मादाय संस्थेचा लहानसा दवाखाना होता. नर्सिंगचा कोर्स पुरा करून मी तिथे रुजू झाले ते एकोणीसशे पन्नासनंतरचे दिवस. दवाखान्यात दामले डॉक्टर, मी, एक कंपाउंडर, झाडलोट करणारी पारूबाई आणि गाडीवर गणपत शेडगे. वयाने पन्नाशीकडे झुकलेले, काळेसावळे, रुंद हाडाचे. सगळा मुलूख त्यांना मामा म्हणे, मीही म्हणू लागले. ते मला 'बाई' म्हणत आणि माझ्याशी 'तुमी'नेच बोलत. एकदा मी म्हटलं, "मामा, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे." तर म्हणाले, "पोरीकडनं मी सुया टोचून घेईन व्हय?"

गाडी म्हणजे लढाईनंतर लिलावात निघालेली एक बंद व्हॅन. कुणा दानशूर माणसाने ती संस्थेला दिली होती. मूळचा हिरवा रंग ठिकठिकाणी वर आलेला, मागे दोन लांब बाकडी, मधे स्ट्रेचर ठेवण्यापुरती जागा. मामा तिला 'म्हातारी' म्हणत. ती चढावर धापा टाकू लागली की गिअर बदलता बदलता तिच्याशी बोलत, "चल गं, एवढा चढ झाला की हाय उतारच." स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एकदा दामले डॉक्टरांनी नुसतं सीटवर बसून पाहिलं, तर मामा दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होते.

त्यांच्या कानाची कीर्ती मोठी होती आणि ती त्यांना ठाऊक होती. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही औषधं घेऊन पुण्याहून परतत होतो. भुकुमजवळ नवरदेवाची जीप रस्त्यात अडकलेली. वरबाप घामाघूम, वाजंत्री रस्त्याच्या कडेला बसलेले, नवरदेव मुंडावळ्या वर करून इंजिनात डोकावतोय. मामा उतरले. टोपी काखेत. "मारा हँडल." ड्रायव्हरने पुढून लोखंडी हँडल फिरवलं, जीप दोनदा खोकली आणि बंद पडली. मामांनी तेवढ्यात कान लावून घेतला होता. "पाणी प्यालीय," ते म्हणाले, "पेट्रोलात पाणी हाय." पेट्रोल बाटलीत काढलं, बाटली उन्हात धरली, तर तळाशी पाणी वेगळं दिसत होतं. नळी साफ करून जीप चालू झाली, वरबापाने तिथेच मामांच्या खांद्यावर टॉवेल घातला, वाजंत्र्यांनी रस्त्यातच सनईचा सूर धरला. पुढचे आठ दिवस मामांनी ही हकीकत भेटेल त्याला ऐकवली. शेवटी एक वाक्य ठरलेलं असे, "गाडी बोलती. ऐकणारा पायजे."

गाडीतली एकच गोष्ट त्यांच्या कानाला दाद देत नसे. वायरी. दिवे, हॉर्न, बॅटरी, डायनॅमो या सगळ्यावर त्यांचा राग होता. इंजिन फिरलं की पट्ट्यावर डायनॅमो फिरतो, त्यातून वीज तयार होते आणि ती बॅटरी भरत राहते, एवढं त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं. पण सांगतानाही तोंड वाईट करून. "इंजान दुखलं तर कण्हतं, वरडतं. ह्यो डायनॅमो मुका. मेला तरी आवाज काढत न्हाई. मुक्याचं दुखणं वळखायचं कसं?"

एका पावसाळ्याच्या तोंडाला म्हातारी सकाळी उठेनाशी झाली. बटण दाबलं की नुसती टिकटिक. मग मामा हँडल मारून तिला जागं करत. बॅटरी पुण्याला नेऊन भरून आणली, आठवडाभर बरं चाललं, पुन्हा तेच. पुण्यात नाना पेठेत इब्राहिमभाई म्हणून बॅटरीवाले होते. अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दुसऱ्यांदा बॅटरी घेऊन एसटीने गेलो तेव्हा मी बरोबर होते.

"मामा," इब्राहिमभाई म्हणाले, "बॅटरी चांगली आहे. ती भरत नाही, कारण डायनॅमो देत नाही. गाडी घेऊन या, डायनॅमो उतरवून तपासायच्या बाकावर लावून बघू."

"ब्रश झिजलं असतील," मामा म्हणाले.

"असतील. पण बघू तरी."

"ब्रश मी घालतो. कोळशाचं तर तुकडं. त्याला काय बाकावर लावायचं?"

ब्रश म्हणजे खरोखरच कोळशाचे चौकोनी तुकडे. डायनॅमोतल्या फिरत्या भागाला दोन्हीकडून घासत राहतात आणि वीज उचलून बाहेर देतात. मामांनी दुकानातून ते घेतले. दवाखान्याच्या पायरीवर बसून डायनॅमो उघडला. नवे ब्रश खोबणीत बसेनात, एक केसभर जाड होते. मामांनी कानस घेतली, घासून घासून बसवले आणि इंजिन चालू करून आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं. अॅक्सिलरेटर दिला की समोरचे दिवे झळझळीत होत. "बघा," मामा म्हणाले, "डायनॅमो देतोय का न्हाई?" डॉक्टरांनी मान डोलावली. मीही डोलावली. दिवे चांगलेच तेजीत होते.

पण बॅटरी पुन्हा बसली. आणि डॅशबोर्डावरचा लहानसा लाल दिवा खोडी काढू लागला. डायनॅमो वीज देत नसला की हा दिवा लागतो. दवाखान्यातून निघताना तो विझलेला असे, पौड मागे पडलं की केव्हातरी हळूच लागे. मामा गाडी थांबवून, थोड्या वेळाने परत चालू करून बघत, तर दिवा बंद. "दिव्याचीच वायर कुटंतरी घासतीय," ते म्हणत. इब्राहिमभाईंना त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा तो माणूस चष्मा वर करून त्यांच्याकडे बघत राहिला.

"थंड असताना चांगला आणि गरम झाला की बंद, असंही होतं मामा. एक दिवस गाडी ठेवा माझ्याकडे. गरम होईपर्यंत चालवतो."

"दवाखान्याची गाडी हाय. ठिवता येत न्हाई."

हे खरंही होतं. पण एका बॅटरीवाल्याच्या दारात म्हातारी उभी करून आपण बाजूला बसायचं, हे मामांकडून होणारं नव्हतं, हेही तितकंच खरं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि चिकटपट्टीचा तुकडा मागितला. मला वाटलं बोट कापलं. मी कापून दिला. दुपारी गाडीत बसले तर तो त्या लाल दिव्यावर लावलेला होता. "डोळ्यात खुपतोय नुसता," मामा म्हणाले.

श्रावणात एका सकाळी धनगरवाड्यावरच्या लोकांनी बिरू कोकरेला आणलं. घोंगडीची झोळी करून, पावसात, डोंगर उतरून. बिरू तिशीतला, काटक. दरडीखाली मेंढरं अडकली म्हणून काढायला गेला आणि वरून धोंडा आला. डावा पाय गुडघ्याखाली चिरडलेला. तो ओरडत नव्हता, दात आवळून छताकडे बघत होता. दामले डॉक्टरांनी पाय पाहिला, पाऊल हातात धरून बराच वेळ नाडी चाचपली. रक्त थांबवलं, फळ्या बांधल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पावलात रक्त फार थोडं जातंय. पुण्याला मोठ्या इस्पितळात जितक्या लवकर पोचाल तितकं बरं. वेळ घालवू नका."

गाडीत मागे स्ट्रेचरवर बिरू, त्याच्या उशाला त्याची बायको ठकू, बाकड्यावर भाऊ धुळा. मी बिरूच्या पायाशी. पुढे मामा एकटे. बाहेर धुकं इतकं दाट की भर सकाळी दिवे लावावे लागले. मामा सतत हॉर्न वाजवत होते. पौड गेलं. पिरंगुट यायच्या आत हॉर्नचा आवाज बसल्यासारखा झाला. "पाणी शिरलं जणू," मामा पुटपुटले. दिवे पिवळे पडले होते, पण धुक्यात ते कुणाच्या ध्यानात येणार? घाटाचा चढ लागला आणि म्हातारी अडखळू लागली. दोन आचके देऊन बंद पडली.

मामा उतरले. टोपी काढून काखेत धरली. मी मधल्या जाळीतून बघत होते. त्यांनी बंद गाडीच्या बॉनेटवर कान ठेवला आणि डोळे मिटले. वर पाऊस पडत होता. त्या थंड पडलेल्या पत्र्यातून ते काय ऐकत होते कोण जाणे.

"पेट्रोल अडलंय," ते म्हणाले.

त्यांनी कार्बोरेटर सोडवला. बारीक भाग तोंडाने फुंकून साफ केले, पुन्हा बसवले. हँडल मारलं. इंजिन नुसतं फिरलं. मग प्लग काढले, पुसले, परत लावले. हँडल मारलं. धुळा उतरून मदतीला गेला. बिरूच्या पावलाचा रंग बदलत चालला होता आणि मी ते फडक्याने झाकलं, म्हणजे ठकूला दिसू नये.

तेवढ्यात मागून एसटीचा आवाज आला. पुण्याची गाडी. ठकूने दार ढकललं आणि विचारलं, "डायवर, यष्टी आलीय. थांबवू का?"

मामांचे हात काळे झालेले, अंग भिजलेलं. ते मान वर न करताच म्हणाले, "जाऊ द्या. आत्ता चालू व्हईल."

एसटी आमच्या बाजूने हळू गेली. वळणापर्यंत तिचा घरघराट ऐकू येत होता. मग तोही गेला.

म्हातारी चालू झाली नाही. ठकू पुन्हा उतरली. तिच्या आवाजात राग नव्हता. "डायवर, चालनार न्हाई तर तसं सांगा. आमी उचलून न्येतो." मामा हँडल मारत राहिले. किती वेळ गेला ते मला आज सांगता येणार नाही. पाऊस थांबून पुन्हा लागला, एवढं आठवतं.

मग पुण्याकडे निघालेला एक मालट्रक आला आणि धुळा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. ट्रकचा ड्रायव्हर तरुण होता, अनोळखी. त्याने बिरूला बघितलं आणि आधी ताडपत्री बाजूला करून जागा केली. आम्ही बिरूला चढवत असताना तो म्हातारीपाशी गेला, आत वाकून हॉर्नचं बटण दाबलं. आवाज आला नाही. त्याने किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डावरची चिकटपट्टी नखाने काढली. खाली लाल दिवा जेमतेम धुगधुगत होता.

"बॅटरी संपलीय," तो म्हणाला, "प्लगला ठिणगी कुटनं मिळनार? डायनॅमो चार्जच करत न्हाई. ह्यो दिवा कुनी झाकला?"

मामा रस्त्यावर हँडल धरून उभे होते. "मी," ते म्हणाले.

पुण्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. संध्याकाळी मामा मिळेल त्या वाहनाने आले आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभे राहिले. एक शिकाऊ डॉक्टर दुसऱ्याला सांगत चालला होता, "थोडं आधी आणला असता तर कदाचित वाचला असता पाय." त्याला काय माहीत, तिथे कोण उभं आहे. दामले डॉक्टर नंतर कितीदा म्हणाले की पाय तसाही वाचला नसता, चिरडलाच होता. मामांनी ते एकदाही मानलं नाही. त्यांनी ऐकलं होतं ते तेवढंच, 'थोडं आधी'.

गाडी ओढून आणल्यावर भरलेली बॅटरी घालून मामांनी ती दवाखान्यापुढे चालू केली आणि डायनॅमोवर तळहात ठेवून बसले. जेवायला उठले नाहीत. लाल दिव्यावरची पट्टी गेली होती. डायनॅमो तापत तापत हाताला सोसेना, तेव्हा फडकं घेऊन हात ठेवला. मग दिवा लागला. मामांनी इंजिन बंद केलं, तापलेलाच डायनॅमो उघडला आणि बोटांनी एकेक ब्रश हलवून पाहिला. एक हलत होता. दुसरा खोबणीत घट्ट आवळून बसला होता, फिरत्या भागाला टेकतच नव्हता. गार झाला की सैल होई, पुन्हा टेके. एका बाजूला त्यांनी कानस कमी मारली होती.

तो तुकडा घेऊन ते डॉक्टरांच्या खोलीत आले. बोटांची कातडी भाजून पांढरी पडली होती. मी मलम आणायला उठले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई." तुकडा टेबलावर ठेवला. "डाक्टरसाहेब, ह्यो माज्या हातचा हाय. म्हातारीचा दोष न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "शेडगे, जुनी गाडी आहे. बिघडली. मी संस्थेला तसंच कळवणार आहे. तुम्ही कुणाला काही सांगू नका."

"तुमी काय बी कळवा," मामा म्हणाले. "बिरूला मला सांगाया पायजे."

बिरू घरी आल्यावर मी जखम बघायला धनगरवाड्यावर गेले तेव्हा मामा बरोबर आले. चढ चालून जायचा होता. बिरू झोपडीपुढे घोंगडीवर बसला होता. मी पट्टी सोडत असताना मामा त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं. ब्रश, कानस, इब्राहिमभाईंचं बोलणं, चिकटपट्टी. काही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "आन् यष्टी आली व्हती. तुज्या बायकोनं इचारलं. मी जाऊ दिली. गाडी चालू करून दावायची व्हती मला."

धनगरवाड्यावर गडीमाणसं एकमेकांना अहो-जाहो करत नाहीत. बिरू म्हणाला, "यष्टी गेली ते मला बी ऐकू आलं व्हतं, डायवर. मी जागाच व्हतो."

मामांनी मान खाली घातली.

"मंग?" बिरू म्हणाला. "आता तू सांगितलंस. मी काय करू?"

मी नवी पट्टी बांधत राहिले. ठकूने दोघांना ताक आणून दिलं. मामांनी ते हातात धरलं आणि तसंच खाली ठेवलं. ठकू म्हणाली, "घ्या की. ताकावर कशापायी राग?" तेव्हा प्याले.

त्यानंतर मामा सुट्टीच्या दिवशी डोंगर चढून जाऊ लागले, बिरूची मेंढरं राखायला. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस. मेंढरू एक वळलं की सगळी वळतात, हे त्यांना उमगायलाच पहिला दिवस गेला. कळप कुणाच्या नाचणीत शिरला, मामा टोपी हातात घेऊन मागे धावताहेत, शेतकरी बांधावरून शिव्या घालतोय. बिरू खडकावर बसून ओरडून सांगत होता, "पुढं जा, पुढं! मागं पळून काय व्हतंय?" सांगता सांगता तो हसायला लागला, असं मला ठकूने सांगितलं. दुर्घटनेनंतर तो पहिल्यांदाच हसला होता. मामांना ते कळलं तेव्हा त्यांचं तोंड उजळलं. पुढच्या खेपेला जाताना त्यांनी पोरांसाठी शेव-चिवडाही घेतला.

भादवा गेला, दिवाळी झाली. मामा जात होते. जळण तोडून देत, पाणी भरत. मग एक दिवस ते दुपारीच परत आले आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिले. मी विचारलं, "काय झालं मामा?"

"नगं म्हनाला."

"काय नको?"

"मी." मग त्यांनी सांगितलं. बिरू म्हणाला होता, 'तू येऊ नगंस आता. तसा मी इसरलेला आसतो. कुबडी घेतो, चालतो. तू आलास की पाय आठवतो. तुला बरं वाटावं म्हून मी किती दिस बघत बसू तुज्याकडं?'

मी म्हटलं, "रागाने म्हणाला असेल."

"न्हाई बाई. रागानं म्हनला आसता तर मी पुन्ना ग्येलो आसतो."

ते पुन्हा गेले नाहीत. बिरू घोंगड्या विणायला बसला, आठवड्याच्या बाजाराला पौडला विकायला येई. बाजाराच्या दिवशी मामा म्हातारीला मागच्या कच्च्या रस्त्याने नेत. चिखलात चाक रुतलं तरी त्याच रस्त्याने.

मी त्यानंतर बरीच वर्षं तिथे होते. त्या वर्षांतले मामा सांगायचे तर मी काय सांगू? बॉनेटवर कान ठेवलेलं मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. ते इब्राहिमभाईंकडे गेले आणि म्हणाले, "मला शिकवा." पुण्याला गेलं की मी औषधांच्या मागे असे तेवढा वेळ ते त्यांच्या बाकाशी बसत. पन्नाशी उलटलेला माणूस खिशात एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन फिरू लागला. रस्त्यात कुणाची गाडी उभी दिसली की विचारत, "दिवं वाढत्यात का? लाल दिवा इझतोय का?" लोक वैतागत. टायर पंक्चर झालेल्या माणसाला त्यांनी डायनॅमो तपासून घ्यायला लावला होता. इंजिन गरम होईपर्यंत ते कुणाला जाऊ देत नसत. पाहुणा चुळबुळ करू लागला तरी ते पट्ट्यापाशी वाकून उभे.

आणि एक नवं वाक्य त्यांच्या तोंडी आलं होतं, "मला म्हाईत न्हाई. बघू या." आधीच्या मामांना हे वाक्य जिभेवर आणता आलं नसतं. एकदा कुणी मोठे पाहुणे मोटारीने धरण बघायला आले होते. त्यांची गाडी मामांनी दुपारभर खपून चालू करून दिली. दामले डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "आमच्या शेडग्यांसारखा माणूस या भागात नाही." मामा हात पुसत होते. ते पुसायचे थांबले आणि दवाखान्यामागे निघून गेले. पाहुणे गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "मी काही चुकीचं बोललो का?"

त्यांना कुणी बरं म्हटलेलं सोसत नसे. त्यांच्या घरी, म्हणजे पौडमधल्या दोन खोल्यांत, त्यांची बायको सरूवैनी मला एकदा म्हणाली, "कुनीतरी एकदा शिव्या घाला वो यास्नी. मंग तरी जेवतील पोटभर." ती हसत म्हणाली, पण डोळ्यांना पदर लावला.

माझं लग्न ठरलं आणि मी राजीनामा दिला. निघायच्या दिवशी मामा मला पौडच्या एसटी थांब्यावर सोडायला निघाले. बाजाराचा दिवस होता. रात्रभर पाऊस झाल्याने मागचा कच्चा रस्ता ओढ्याने तोडला होता. मोठ्या रस्त्यानेच जावं लागणार होतं. मामा हळू चालवत होते. मी पुढेच बसले होते, पायाशी माझी ट्रंक.

एका वळणावर, भुरभुर पावसात, रस्त्याच्या मधोमध बिरू उभा. डोक्यावर घोंगडीची खोळ, काखेत कुबडी, शेजारी घोंगड्यांचं मोठं गाठोडं. त्याने कुबडी आडवी धरली. मामांनी ब्रेक दाबला. काच खाली केली नाही. दोघं काचेतून एकमेकांकडे बघत राहिले.

बिरू माझ्या बाजूने आला. "शिस्टरबाई, मागं बसता का? यष्टी आली न्हाई, आन् बाजार निघून चाललाय. मागं मला चढाया न्हाई जमत."

मी उतरून मागे गेले. गाठोडं मागे टाकलं. बिरू दाराचा दांडा धरून स्वतःच पुढच्या सीटवर चढला. मधल्या जाळीतून मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. मामांची मान ताठ. त्यांनी गिअर टाकला, तो पहिल्या वेळी बसला नाही, खरखर आवाज झाला. मामांच्या हातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पौडपर्यंत एकदाच बिरू म्हणाला, "डावीकडं खड्डा हाय." मामा म्हणाले, "व्हय."

थांब्यापाशी बाजार भरला होता. माझी एसटी उभीच होती, कंडक्टर घंटा वाजवायच्या बेतात. मामा घाईने उतरले, माझी ट्रंक एसटीत चढवली आणि तसेच धावत मागे गेले. बिरूच्या बाजूचं दार उघडून त्याला उतरवायला हात पुढे केला.

मी एसटीच्या पायरीवर होते, मला ऐकू आलं.

"हात नगं," बिरू म्हणाला. "दार धर निस्तं."

मामांनी हात मागे घेतला आणि दार धरलं. बिरूने आधी कुबडी खाली टेकली, मग पाय. उतरला. गाठोडं घ्यायला धुळा आलाच होता. बिरू मागे न बघता बाजारात चालू लागला, कुबडीच्या एकेका टेकण्याबरोबर खांदा वर उचलत. गर्दीत त्याची खोळ काही वेळ दिसली, मग नाहीशी झाली.

कंडक्टरने घंटा दिली. मी खिडकीशी बसून हात हलवला. "येते मामा!" असं मोठ्याने म्हटलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एसटी वळली, मी मागे वळून बघितलं. म्हातारीची पुढची सीट रिकामी होती, पाऊस आत येत होता, आणि शेडगेमामा दार धरून तसेच उभे होते.